गव्हाचा मामा : खजरान्याच्या शेतांतील तणे

तण म्हटले की आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर ज्वारीतला टारफुला येतो, नाहीतर उसाच्या सरीत माजलेली हरळी आणि लव्हाळा. आपले कन्नड विभागातील मित्र तणाला ‘कळे’ म्हणतात, आपण तण किंवा निंदण म्हणतो. पण दोघांच्याही मनात चित्र एकच असते. गव्हातील तणांचा विचार आपण सहसा करीत नाही, कारण आपल्याकडे गहू हे मुळात थोडे पीक. खपली, बक्षी अशा जुन्या जाती कोठेकोठे टिकून आहेत एवढेच. माळव्यात मात्र रब्बी म्हणजे गहू आणि हरभरा. तेथील काळ्या जमिनीत पिकणारा कठीण दाण्याचा गहू, ज्याचे बाफले करतात, तो आपल्या बक्षी गव्हाचाच जातभाई आहे. तेव्हा गव्हाच्या तणांचा अभ्यास करावयाचा तर माळव्यासारखा दुसरा प्रांत जवळ नाही.

इंदूरजवळचे खजराना हे मी अभ्यासासाठी निवडले याचे साधे कारण म्हणजे माझे मामा तेथे राहतात. गणपतीच्या देवळामुळे आणि नाहरशाह वलीच्या दर्ग्यामुळे हे नाव पुष्कळांना ठाऊक असते. एके काळचे हे खेडे आता इंदूर शहराने पूर्णपणे गिळले आहे. शेत पाहावयाचे तर पूर्वेला कनाडिया, बिचोली या दिशेने जावे लागते, आणि तेथेही गव्हाच्या तुकड्याशेजारी प्लॉटच्या सीमेचे दगड रोवलेले दिसतात. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही स्थिती एका अर्थी सोयीची आहे. मशागत थांबलेल्या मोकळ्या प्लॉटात कोणती तणे टिकतात आणि कोणती नाहीशी होतात, हे पिकातल्या तणांच्या शेजारीच पडताळून पाहता येते. गव्हातली बहुतेक तणे मोकळ्या प्लॉटात दोन-तीन वर्षांत विरळ होतात, आणि त्यांची जागा गाजरगवत घेते. याचा अर्थ असा की ही तणे नुसती ‘जंगली’ नाहीत. त्यांना नांगर लागतो, ओलावा लागतो, दरवर्षीची पेरणी लागते. माणूस शेत करतो म्हणून ती आहेत.

या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे. तण म्हणजे नको तेथे उगवलेली वनस्पती, अशी व्याख्या आपण पाठ करतो. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. रशियन शास्त्रज्ञ वाव्हिलॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की राय आणि ओट ही आजची मान्यवर धान्ये मूळची गव्हा-सातूच्या शेतातली तणे होती. गव्हाबरोबर ती कापली गेली, गव्हाबरोबर पेरली गेली, आणि थंड किंवा हलक्या जमिनीत गहू हरला तेव्हा तीच पुढे येऊन पीक बनली. शेतकरी वर्षानुवर्षे गव्हासारखे न दिसणारे रोप उपटतो. म्हणजे नकळत गव्हासारखे दिसणाऱ्या रोपाची निवड करतो. चाळणीतून गळणारे बी बाजूला पडते, गव्हाच्या आकाराचे बी मात्र पुढच्या पेरणीला जाते. तणाचे सोंग शेतकऱ्यानेच घडविलेले असते.

या सोंगाचा उत्तम नमुना म्हणजे फॅलॅरिस मायनर. हिंदी मुलखात याला गुल्ली-डंडा म्हणतात, कारण उंच दांड्यावर विटी बसवावी तशी त्याची लोंबी दिसते. हरियाणात मंडूसी असे नाव आहे. पण सर्वांत बोलके नाव म्हणजे ‘गेहूँ का मामा’. घरात शिरून भाच्याच्या ताटातले जेवणारा तो मामा! (माझ्या खजरान्याच्या मामांना हे नाव मुळीच आवडलेले नाही.) डिसेंबरात शेताच्या बांधावर उभे राहून गहू कोणता आणि मामा कोणता हे सांगणे कठीण असते. मी ज्या खुणा पडताळून पाहिल्या त्या येथे देतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत उपयोगी पडतील.

पान खोडाला जेथे मिळते ती जागा पाहावी. गव्हात तेथे कानासारखे दोन लहान आकडे असतात आणि त्यांवर बारीक केस असतात. सातूत हे कान मोठे, गुळगुळीत आणि खोडाला मिठी मारणारे असतात. रानओटाला कानच नसतात. गुल्ली-डंड्यालाही कान नसतात, परंतु त्याची पातळ पडद्यासारखी जिभली उंच व ठळक असते. शिवाय कोवळ्या रोपाचा बुंधा तांबूस असतो आणि तो चुरगाळल्यास लालसर रस येतो. रानओटाची आणखी एक खूण म्हणजे पानाचा पीळ: गव्हाच्या आणि सातूच्या पानाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पीळ असतो, रानओटाला उलट दिशेने. एकदा डोळा बसला की दहा पावलांवरून ओळख पटते. खुरपणीला येणाऱ्या बायकांना यातले एकही शास्त्रीय नाव ठाऊक नसते, पण हात मात्र चुकत नाही. मी जिभली पाहण्यासाठी भिंग काढी तोवर त्यांची ओळ पुढे गेलेली असे.

रानओट (अ‍ॅव्हेना फॅचुआ आणि अ‍ॅव्हेना लुडोव्हिसियाना) याचे बी हे स्वतंत्र लेखाचा विषय होईल. त्याला गुडघ्यासारखे वाकलेले, पिळाचे कुसळ असते. हवा दमट झाली की पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो, आणि या हालचालीने बी जमिनीवर सरकत सरकत एखाद्या भेगेत जाऊन पडते. माळव्याच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात किती भेगा पडतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या व्यवस्थेचे महत्त्व सांगावयास नको.

रुंद पानांच्या तणांत सर्वत्र भेटतो तो चाकवत, हिंदीत बथुआ, शास्त्रीय नाव चिनोपोडियम आल्बम. खेरीज रानमेथीसारखी दिसणारी सेंजी (मेलिलोटस), निळ्या फुलांची कासनी, लहानसा कृष्णनील, गव्हाच्या काडीवर चढणारी हरणखुरी, आणि बांधालगत पिवळा धोत्रा. लव्हाळा आणि हरळी आहेतच. त्यांनी कोठे जावयाचे? यांत हरणखुरी दिसावयास सुंदर पण फार वाईट. तिच्या मुळ्या खोल जातात, तुकडा राहिला तरी फुटतो, आणि कापणीच्या वेळी ती पीक एकमेकांत गुंतवून ठेवते. प्रमाणित गव्हाच्या बियाण्यात ज्यांचे बी आक्षेपार्ह मानले जाते, त्यांत हरणखुरी आणि गुल्ली-डंडा ही दोन नावे आहेत.

आता प्रश्न असा की पूर्वी हे सारे एवढे का खुपत नव्हते? याचे एक उत्तर गव्हाच्या उंचीत आहे. जुना देशी गहू छातीपर्यंत वाढे आणि त्याच्या सावलीत बुटके तण खुरटून जाई. 1966 मध्ये भारताने मेक्सिकोहून 18,000 टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले आणि हरित क्रांतीला आरंभ झाला. बुटका गहू खत पचवितो आणि लोळत नाही, हा त्याचा गुण. पण तो उन्हाची वाट अडवीत नाही, हा तणांचा फायदा. जे खत आणि पाणी गव्हाला दिले त्याचा वाटा तणांनीही उचलला. गुल्ली-डंडा त्याच मेक्सिकन बियाण्याबरोबर भारतात आला असे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. हुकर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुऱ्या झालेल्या ब्रिटिश इंडियाच्या वनस्पतिग्रंथात त्याची नोंद आहे. पाहुणा आधीपासून घरात होता, पानावर वाढणे मात्र 1966 नंतर सुरू झाले.

पिकाची आणि तणाची खरी झुंज पेरणीनंतर 30 ते 45 दिवसांत होते. त्या काळात शेत स्वच्छ राहिले तर नंतर उगवलेले तण फारसे नुकसान करीत नाही, कारण तोवर गव्हाला फुटवे येऊन जमीन झाकली जाते. ही मुदत चुकली आणि मग कितीही खुरपले, तर मजुरी जाते आणि पीकही जाते. अडचण अशी की नेमक्या त्याच दिवसांत सर्वांच्या शेतांना बायका हव्या असतात. आणि शहर ज्या गावाच्या दाराशी येऊन ठेपले आहे, तेथील बायकांना शहरात बारमाही काम मिळते. खजरान्याच्या परिसरात मी ज्यांच्याशी बोललो त्या शेतकऱ्यांनी फवारणीचे हेच कारण पुढे केले. हे कारण आळशीपणाचे नाही.

पहिले मोठे तणनाशक 2,4-डी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते शोधले गेले. ते वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकासारखे वागते आणि रुंद पानांची रोपे वेडीवाकडी वाढून मरतात; गवतवर्गी गहू मात्र वाचतो. तेही वेळ साधली तर. पेरणीनंतर साधारण 30 ते 35 दिवसांनी फवारले तर ठीक. फार आधी किंवा फार उशिरा फवारले तर गव्हाच्याच लोंब्या वाकड्या निघतात. शेजारी हरभरा असेल आणि वारा त्या दिशेला असेल, तर हरभऱ्याची शोभा बघवत नाही. माळव्यात गव्हाच्या शेजारी हरभरा असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

पण 2,4-डीने एक वेगळाच परिणाम घडविला. चाकवत, सेंजी, कासनी मेली आणि त्यांची जागा रिकामी झाली. रिकामी जागा निसर्ग ठेवीत नाही. तेथे गुल्ली-डंडा आणि रानओट आले, कारण ते गवतवर्गी असल्याने 2,4-डीला दाद देत नाहीत. मग त्यांच्यासाठी आयसोप्रोट्युरॉन आले. पंजाब-हरियाणात भात आणि गहू, भात आणि गहू, असा फेरा वर्षानुवर्षे चालला होता आणि दरवर्षी तेच एक औषध. 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच हरियाणात शेतकऱ्यांची तक्रार सुरू झाली की औषध लागू पडत नाही. हिसारच्या कृषी विद्यापीठातील मलिक आणि सिंग यांनी तपासणी करून दाखविले की औषध भेसळीचे नव्हते. तणच बदललेले होते. कित्येक ठिकाणी शेतकऱ्यांनी मामाने भरलेला गहू हिरवा असतानाच कापून जनावरांना घातला.

हे कसे घडले याचे उत्तर मला या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. आयसोप्रोट्युरॉन गव्हाच्या अंगात गेले की गहू आपल्या एन्झाइमांनी ते फोडून निरुपद्रवी करतो. म्हणून गहू जगतो. प्रतिकारक्षम गुल्ली-डंड्यातही हीच क्रिया आढळली. लक्षावधी रोपांत एखाद-दुसऱ्या रोपात ही शक्ती आधीपासून असणार. फवारणीने बाकीची मारली आणि तेवढीच राखली. पूर्वी शेतकऱ्याच्या खुरप्याने मामाला भाच्याचे रूप दिले होते. आता फवारणी-पंपाने त्याला भाच्याची पचनशक्तीही दिली. त्यानंतर क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्युरॉन अशी नवी औषधे आली आणि काही वर्षांत त्यांपैकी कित्येकांनाही तण सरावले.

सातूची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण माळव्यात सातू थोडा. तो मध्य प्रदेशाच्या उत्तर भागात आणि राजस्थानात अधिक. सातू गव्हापेक्षा लवकर वाढतो, फुटवे भराभर देतो, आणि त्याच्या मुळांतून ग्रॅमीन, हॉर्डेनीन यांसारखी द्रव्ये पाझरतात, ज्यांनी शेजारच्या काही तणांची उगवण मंदावते. म्हणजे तणांशी झुंजण्यात भाऊ थोरल्यापेक्षा तरबेज आहे. परंतु औषधाच्या बाबतीत तो नाजूक. सल्फोसल्फ्युरॉन गव्हाला चालते, सातूला नाही. आणि त्याचा अंश जमिनीत राहिला तर पुढच्या हंगामातील ज्वारी-मक्यालाही बाधतो. ‘गहू-सातूची तणे’ असे एका दमात म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून विद्यार्थ्याने सावध राहावे.

माळव्याची स्थिती हरियाणासारखी नाही. येथे भात नाही, सोयाबीन आहे, आणि तेही जुने नाही. 1970 पूर्वी माळव्यातील पुष्कळ काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवीत, वखरून तण मारीत, ओल साठवीत, आणि त्या ओलीवर रब्बीत गहू घेत. पावसाळ्यातली ती वखरणी म्हणजे तणनाशकच होते, फक्त बाटलीत भरलेले नव्हते. सोयाबीन आले, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, आणि पावसाळ्यातली ती वखरणी गेली. विहिरी-कूपनलिकांमुळे गव्हाला ओलित मिळू लागले. पहिल्या पाण्याबरोबर गुल्ली-डंड्याची एक नवी लाट उगवते हे आता शेतकरी स्वतःच सांगतात. आणखी एक धोका चाकांवर येतो. मार्च महिन्यात पंजाबकडची कापणी-यंत्रे मध्य प्रदेशात फिरतात. यंत्राच्या पोटात गेल्या हंगामातील परप्रांतीचे बी अडकून राहू शकते. शेतात उतरविण्यापूर्वी ते झाडून घेण्याचा आग्रह मी तरी कोठे पाहिला नाही.

तणाने सरकारला कर्ज काढावयास लावल्याचेही उदाहरण याच मध्य भारतातले आहे. कांस नावाचे गवत काळ्या जमिनीत एवढे खोल मुळावते की बैलाच्या नांगराने निघत नाही, आणि त्यापायी गव्हाच्या उत्तम जमिनी ओसाड पडल्या होत्या. 1949 मध्ये जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले ते मुख्यतः ही कांसाची जमीन खोल नांगरण्यासाठी लागणाऱ्या अवजड ट्रॅक्टरांकरिता. एका गवतासाठी एक कोटी डॉलर!

मात्र तणामुळे माणसे पांगळी झाली, ही हकिकत त्याहून गंभीर आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन याने सागर-नर्मदा प्रदेशातील एक अनुभव लिहून ठेवला आहे. 1829 मध्ये गारांनी गहू झोडपला, 1830 मध्ये पाऊस कमी पडला, 1831 मध्ये रोगाने गहू गेला. या तिन्ही वर्षी गव्हात आपोआप उगवणारी एक शेंगवर्गी वेल, जी एरवी हिरवी असताना गुरांना घालीत, ती मात्र उत्तम आली. लोकांनी तिचेच दाणे खाऊन दिवस काढले. 1833 पासून त्या गावांतील तरुण माणसांचे कमरेखालचे अंग लुळे पडू लागले. ती वेल म्हणजे लाख, विदर्भातील लाखोळी, हिंदीतील तिवडा किंवा खेसारी. तिच्या दाण्यात एक विषारी अमिनो आम्ल असते. अधूनमधून, इतर धान्याबरोबर खाल्ले तर बाधत नाही, पण महिनोन्महिने दुसरे काहीच मिळाले नाही तर मज्जातंतू निकामी करते. दुष्काळातही जगणारे तण, आणि त्यावर जगू पाहणारा माणूस, असा तो योग होता.

याच्या उलट चाकवत. खजरान्याच्या बाजारात थंडीच्या दिवसांत बथुआच्या जुड्या विकावयास येतात. तो मुद्दाम लावलेलाही असतो, पण पुष्कळसा गव्हाच्या शेतातून उपटून आणलेला. निंदणी करणाऱ्या बाईची मजुरी एक, आणि पदरात बांधून नेलेली भाजी हा तिचा दुसरा लाभ. शेत फवारले की हा दुसरा लाभ बुडतो. आणि ते फवारलेले आहे हे तिला कोणी सांगितले नाही, तर ती भाजी घरी शिजते. आपल्या पाठ्यपुस्तकांत तणनाशकाच्या खर्चाची तुलना निंदणीच्या मजुरीशी केलेली असते. त्या हिशेबात ही जुडी कोठेच धरलेली नाही, आणि माझ्या मते तो हिशेब त्यामुळे चुकतो.

मग करावे काय? मी तणनाशकाच्या विरुद्ध नाही. ज्याच्याकडे बारा एकर गहू आहे आणि माणूस मिळत नाही, त्याला खुरपे घे असे सांगणे हे शहरातल्या माणसाला शोभते. पण दरवर्षी तेच औषध नको, गव्हानंतर गहूच नको. मध्ये एखादे वर्ष हरभरा किंवा बरसीम घ्यावे. हरियाणातही उसाची, बरसीमाची पालट असलेल्या शेतांत प्रतिकाराचा उपद्रव कमी आढळला. बी चाळून घ्यावे. गुल्ली-डंड्याचे बी गव्हाच्या मानाने फार बारीक असल्याने साध्या चाळणीने बरेचसे निघते. आणि फवारणीतून वाचलेली चार झाडे लोंबीवर येण्याआधी हाताने उपटावी, कारण प्रतिकाराचे बी नेमके त्याच चार झाडांत असते. एका झाडावर बी शेकड्यांनी धरते आणि गहू कापण्याआधी गळून जमिनीत जाते. जे काम दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे असते, ते टाळले तर दहा वर्षांचे होते.

उपटलेल्या तणाचे काय करावयाचे, याचे उत्तर इंदूरमध्येच शोधले गेले आहे, आणि त्यात एका मराठी माणसाचा हात आहे. 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला वनस्पती-उद्योग संस्था काढली. होळकर दरबाराने जमीन दिली. हे तेच हॉवर्ड, ज्यांनी पत्नी गॅब्रिएल यांच्यासह बिहारातील पुसा येथे गव्हाच्या सुधारित जाती तयार केल्या होत्या. इंदुरात त्यांचे रसायनशास्त्रातील सहकारी होते यशवंत वाड. या दोघांनी मिळून कंपोस्टची जी रीत बसविली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, आणि 1931 मध्ये दोघांच्या नावाने तिच्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. 1935 मध्ये गांधीजी इंदूरला आले असता त्यांनी ही पद्धत मुद्दाम जाऊन पाहिली. त्याच जागी आज कृषी महाविद्यालय आहे. हॉवर्डांचे नाव सर्वांना ठाऊक असते, वाडांचे फारसे कोणाला नसते. म्हणून ते येथे लिहिले.

या पद्धतीत तण हा कचरा नसून कच्चा माल असतो. काडीकचरा, उपटलेले तण, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर दोन-तीन फूट खोल खड्ड्यात घालावयाचे, ओल राखावयाची, आणि तीनदा उलथापालथ करावयाची: पहिली सुमारे दोन आठवड्यांनी, दुसरी त्यानंतर तितक्याच अवधीने, तिसरी दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार होते. आतली उष्णता साठ अंशांच्या वर जाते आणि त्या उष्णतेत तणाचे बहुतेक बी मरते. बाहेरच्या थरातले बी मात्र थंड राहिल्याने जगते. म्हणूनच उलथताना बाहेरचे आत आणि आतले बाहेर करावयाचे असते. हरळी आणि लव्हाळा यांच्या गाठी आधी उन्हात कडकडीत वाळवून मगच खड्ड्यात टाकाव्यात.